गुरुवार होता की शुक्रवार

मार्विन गॅडिसने आपलं अपील टपालाच्या खिडकीत दिलं तेव्हा रांगेत त्याच्या मागे मी उभा होतो. तो गुरुवार होता, आणि दुपारचे पावणेतीन अजून वाजायचे होते. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. कटलर बेंडच्या तुरुंगात माणसाचं अर्धं आयुष्य रांगेतच जातं.

मी एझेल टॉलिव्हर. मला तिथे एकविसावं वर्ष चालू होतं. तरुणपणी एका दुकानावर दरोडा घालताना माझ्या हातून एक माणूस मेला. ते मी केलं होतं, शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. आत आल्यावर मी कायद्याची पुस्तकं वाचायला लागलो आणि वाचता वाचता तुरुंगाच्या ग्रंथालयात कारकून झालो. ज्यांना वकील परवडत नाही, म्हणजे जवळजवळ सगळेच, ते अर्ज टाइप करून घ्यायला माझ्याकडे यायचे. एरवी मला ‘वकीलसाहेब’ म्हणून चिडवणारी पोरं कोर्टाचा कागद हातात पडला की ‘काका’ म्हणत यायची.

गॅडिस मला नेहमीच काका म्हणायचा. बेचाळीस वर्षांचा, वेल्डिंगचं काम करणारा, कमी बोलणारा माणूस. पेट्रोलपंपावरच्या एका माणसाच्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली होती. मी नाही केला, असं इथे दहातले नऊ जण सांगतात आणि मी मान डोलावून पुढच्या कामाला लागतो. पण गॅडिसकडे कागद होता. खून झाला त्या संध्याकाळी तो साठ मैलांवर एका बसमध्ये होता. त्या बसच्या ड्रायव्हरचा तसा जबाब पोलिसांनी घेतला होता आणि फायलीत दाबून ठेवला होता. गॅडिसच्या बहिणीने, ओडेसाने, चौदा वर्षं हेलपाटे घालून तो बाहेर काढला. तोवर ड्रायव्हर वारला होता. राज्याच्या कोर्टांनी हात वर केले म्हणून आम्ही फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या न्यायाधीशांनीही अर्ज फेटाळला, पण वरच्या कोर्टात अपील करायला वाट ठेवली. मुदत तीस दिवस.

निकालाचा कागद गॅडिसच्या हातात पडला तेव्हा त्यातले सतरा दिवस गेले होते. मग जेवणघरात भोसकाभोसकी झाली आणि अकरा दिवस सगळ्यांना कोठड्यांत कोंडून ठेवलं. बुधवारी दारं उघडली. ग्रंथालय उघडलं गुरुवारी, आणि तो तिसावा दिवस होता.

मी चार ओळींची अपिलाची नोटीस टाइप केली. ती त्याच दिवशी कोर्टात पोचण्याची गरज नव्हती. कैद्याने कागद तुरुंगाच्या खिडकीत दिला, की तो कोर्टात पोचला असं कायदा धरतो, कारण त्यापुढे त्याच्या हातात काही उरत नाही. ग्रंथालयावरच्या बाईंनी आम्हा दोघांच्या नावाने एकच पास लिहून दिला. तारीख, वेळ अडीच, सही. तो पास घेऊन आम्ही खिडकीवर गेलो. आमच्या पुढे ड्युप्री नावाचा एक कैदी होता, एवढीच रांग.

खिडकीवर सार्जंट प्रुइट अंगात जाकीट घालूनच बसला होता. त्याला शिकारीला जायचं होतं, अंधार पडायच्या आत रानात पोचायचं होतं, हे सगळ्या तुरुंगाला माहीत होतं. गॅडिसने पाकीट दिलं. प्रुइटने ते मागच्या खोक्यात टाकलं.

“साहेब, वहीत आजची तारीख टाकाल का? आज शेवटचा दिवस आहे माझा,” गॅडिस म्हणाला.

“तू आता मला माझं काम शिकवणार?”

“तसं नाही साहेब.”

“मग चालायला लाग.”

त्याने माझंही पत्र घेतलं आणि झडप खाली ओढली. खिडकी चारपर्यंत उघडी असायला हवी होती. पास खिडकीत जमा करायचा असतो, पण गडबडीत त्याने मागितला नाही. तो माझ्या खिशातच राहिला. कागद फेकायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी मी तो ग्रंथालयातल्या एका जाडजूड, कोणी हात न लावणाऱ्या पुस्तकात ठेवून दिला.

तीन महिन्यांनी राज्य सरकारच्या वकिलाचं उत्तर आलं. गॅडिस ते घेऊन माझ्या टेबलापाशी आला.

“काका, हे बघा. शुक्रवार म्हणतायत.”

मी वाचलं. टपालाच्या नोंदवहीप्रमाणे अपील शुक्रवारी मिळालं, सबब ते एक दिवस उशिरा आहे, सबब ते ऐकूच नये. बसचा ड्रायव्हर, दाबलेला जबाब, चौदा वर्षं, कशाचाच त्यात उल्लेख नव्हता. प्रुइटने शुक्रवारी सकाळी येऊन खोकं उपसलं होतं आणि सगळ्यावर त्या दिवसाची तारीख टाकली होती, हे मला लगेच कळलं. हजेरीत मात्र त्याने गुरुवारी चार वाजेपर्यंत खिडकीवर होतो असं लिहिलं असणार, आणि त्या हजेरीवर कॅप्टनची सही असते.

“आपण गुरुवारीच दिलं ना?” त्याने विचारलं.

“तू दिलंस. मी मागे होतो.”

मग त्याने कागद माझ्या हातातून काढून घेतला. “तुमचा पॅरोल कधी आहे?”

“जूनमध्ये. सुटलो तर कायमचा.”

“मग तुम्ही मागे नव्हतात,” तो म्हणाला आणि गेला.

वरच्या कोर्टाने प्रकरण खालच्या न्यायाधीशांकडे परत पाठवलं. एवढंच शोधा, की पाकीट गुरुवारी दिलं की शुक्रवारी. गॅडिसला सरकारी खर्चाने वकील मिळाली, मिस इंगर्सॉल. ती भेटायला आली आणि रांगेत आणखी कोण होतं म्हणून विचारलं. गॅडिसने फक्त ड्युप्रीचं नाव सांगितलं.

ड्युप्री तोंडाळ होता. जेवणघरात मक्याची भाकर मोडत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी सांगणार. प्रुइट हरणामागे पळाला आणि ह्याचं आयुष्य खोक्यात टाकून गेला. शपथेवर सांगणार.” तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता चालू असताना दोन शिपाई आले आणि त्याला उठवून घेऊन गेले. त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली झाली असं कळलं. कुठल्या, ते कोणी सांगितलं नाही. मिस इंगर्सॉलने त्याला पाठवलेली दोन पत्रं न उघडता परत आली.

पुढच्या आठवड्यात कॅप्टन लोमॅक्सने मला बोलावलं.

लोमॅक्स कधी आवाज चढवायचा नाही. त्याने मला बसायला सांगितलं, आणि एकवीस वर्षांत कुठल्याच कॅप्टनने मला बसायला सांगितलं नव्हतं. त्याच्या टेबलावर ग्रंथालयाची नोंदवही होती. कोण कधी आला, कोणाला पास दिला, सगळं त्या वहीत असायचं.

“टॉलिव्हर, तुमच्या ग्रंथालयाचं छप्पर गळतं का?”

“नाही साहेब.”

“गळतं.” त्याने वही उघडून माझ्याकडे फिरवली. नोव्हेंबरची पानं एकमेकांना चिकटली होती आणि शाई फुटून निळं पाणी झालं होतं. बाकीची वही कोरडी ठणठणीत होती. “बघ. काही वाचता येत नाही. वाईट झालं.”

मी त्या पानांवरून बोट फिरवलं.

“जूनमध्ये सुटशील म्हणतात. मुलगी आहे ना तुला?”

“हो साहेब.”

“चांगलं आहे. तुझ्या वयाला इथले दिवस सारखेच वाटत असतील. गुरुवार काय, शुक्रवार काय.” त्याने वही मिटली. “खिडकीवर जाताना पास घेऊन जातात. तो पास खिडकीतच जमा होतो, नाही का?”

“हो साहेब.”

“म्हणजे कोणाकडे काही उरत नाही.”

“नाही साहेब,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

त्या दिवसापासून झडत्या सुरू झाल्या. आठवड्यात तीनदा माझी कोठडी उपसली. गादी फाडली, मुलीची पत्रं बाहेर व्हरांड्यात ओल्या फरशीवर टाकली. ते बोलत नव्हते, आणि काही मिळालं नाही तरी चिडत नव्हते. मग एका दुपारी लोमॅक्स स्वतः आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली एक टोकदार लोखंडी पट्टी होती.

“तुझ्या हवेच्या जाळीमागे मिळाली,” तो म्हणाला.

“ती माझी नाही, साहेब.”

“मला माहीत आहे.” त्याने फडकं पुन्हा गुंडाळलं. “आज मी हे लिहून घेत नाही.”

तो गेल्यावर मी किती तरी वेळ त्या जाळीकडे बघत बसलो होतो.

त्याच सुमाराला गॅडिसला ‘त्याच्याच सुरक्षेसाठी’ एकांत कोठडीत हलवलं. तिथल्या कैद्यांना पुस्तकं पोचवायचं काम माझ्याकडे होतं. दाराला कमरेच्या उंचीवर जेवण सरकवायची फट असते. पुस्तकांची गाडी ढकलत मी त्याच्या दारापाशी पोचायचो तेव्हा आतून पुटपुटणं ऐकू यायचं. तो त्या बसचे थांबे म्हणत असायचा. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळचे बावीस थांबे. गिरणी, चर्च, पाण्याची टाकी, शाळा, रेल्वे फाटक. माझ्यासमोर त्याने ते शंभरदा म्हटले होते आणि कधी चुकला नव्हता.

एप्रिलमधल्या एका सकाळी मी वाकून फटीतून पुस्तक दिलं. त्याने दाढी केली नव्हती.

“काका, टाकीनंतर काय येतं?”

“शाळा.”

“शाळा. बरोबर.” त्याने बोटांवर मोजलं. “मग फाटक. की आधी फाटक?”

“शाळा, मग फाटक.”

“ते म्हणतात, अर्ज मागे घे, उद्या तुला बराकीत सोडतो.”

“घेणार?”

“माहीत नाही. इथे कान वाजतात. तुमची तारीख आली का?”

“बारा जून.”

“घरी जा, काका. तुम्ही त्या रांगेत नव्हतात, हे मी त्यांना चारदा सांगितलंय.”

गाडी ढकलत मी परत आलो. मी शूर माणूस नाही. एकवीस वर्षं मी मान खाली घालूनच काढली होती, आणि आता मुलीच्या घरच्या मागच्या खोलीत माझ्यासाठी पलंग टाकलेला होता. तिने त्याचा फोटो पाठवला होता. पण गॅडिस शाळा आणि फाटक यांच्यात अडखळला ते माझ्या डोक्यातून जाईना. तो अर्ज मागे घेणार होता, आज नाही तर आठवड्याने. मग त्याला स्वतःलाही खात्री राहिली नसती की आपण त्या बसमध्ये होतो.

मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. पासाचा उल्लेख केला नाही. गुरुवारी मी रांगेत होतो, मी पाहिलं, एवढंच लिहिलं. ते मिस इंगर्सॉलला पाठवायचं तर रस्ता एकच होता, प्रुइटच्या खिडकीचा.

त्याने पाकिटावरचं नाव वाचलं आणि पाकीट हातातच धरून ठेवलं. माझ्यामागे कोणी नव्हतं.

“टॉलिव्हर, निवृत्तीला मला चौदा महिने राहिलेत.”

“मला घरी जायला सहा आठवडे राहिलेत, साहेब.”

“मग हे कशाला?”

“तुम्हाला ठाऊक आहे कशाला.”

त्याचं तोंड एकदम म्हातारं दिसलं. “एक दुपार,” तो म्हणाला. “एक दुपार लवकर गेलो मी. बाकीचं मी नाही केलं. ते सगळं वरून चाललंय.”

“आज मंगळवार आहे, साहेब. तारीख टाकाल?”

त्याने वहीत काही लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही. झडप खाली आली.

दहा दिवस काहीच झालं नाही. झडती नाही, बोलावणं नाही. शिपाई माझ्या शेजारून असे जायचे, जणू मी तिथे नाहीच. मग दोन गोष्टी एकाच सकाळी आल्या. कोर्टाचं साक्षीचं समन्स आलं, म्हणजे पाकीट पोचलं होतं. आणि लोखंडी पट्टीचा गुन्हा माझ्या नावावर रीतसर नोंदला गेला. पॅरोलच्या यादीतून माझं नाव पाच वर्षांसाठी गेलं. मुलीला फोन केला तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, पलंग राहू देऊ का तसाच?” मी राहू दे म्हणालो.

त्याच आठवड्यात लोमॅक्सच्या माणसांनी ग्रंथालय ‘साफ’ केलं. जुन्या पुस्तकांच्या दोन गाड्या भरून जाळायला नेल्या. मला तेव्हा आत जाऊ दिलं नाही, आणि त्यानंतरही नाही. पास ठेवलेलं माझं पुस्तक त्यांत होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता.

मला बेड्या घालून कोर्टात नेलं. शहर दोन तासांवर. ज्यांनी अर्ज फेटाळला होता तेच म्हातारे न्यायाधीश वर बसले होते. गॅडिस एका बाजूला, कैद्याच्या कपड्यांत, वाळलेला. मागच्या बाकावर लोमॅक्स, आणि बाजूला एकटी बसलेली ओडेसा.

आधी प्रुइटची साक्ष झाली. शुक्रवार, तो म्हणाला. वहीत आहे तेच खरं. त्याने गॅडिसकडे पाहिलं नाही. मग मी उभा राहिलो आणि पाहिलं ते सांगितलं. राज्याचा वकील माझ्याजवळ आला.

“तुमच्याकडे नुकतंच हत्यार सापडलं, बरोबर?”

“सापडलं असं लिहिलंय, साहेब.”

“पॅरोल गेला. म्हणजे तुरुंगावर तुमचा राग आहे.”

“राग आहे. पण प्रतिज्ञापत्र मी पॅरोल जायच्या आधी पाठवलंय. तारीख बघा.”

न्यायाधीश पुढे वाकले. “टॉलिव्हर, तू सांगतोस आणि सार्जंट सांगतात. मी कोणाचं ऐकायचं? गुरुवारच कशावरून?”

“साहेब, त्या दिवसाचा पास आहे. आम्हा दोघांच्या नावाचा.”

मागचं बाक करकरलं.

“कुठे आहे?”

मी मागे पाहिलं. लोमॅक्सचा हात खिशातल्या फोनवर होता. “मी बोलून दाखवणार नाही, साहेब. मला कागद द्या, तुम्हाला एकट्याला लिहून देतो.”

त्यांनी पेन्सिल आणि कागद पाठवला. मी कपाट, फळी आणि पुस्तकाचं नाव लिहिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या हातात दिली. “स्वतः जा. तिथे कोणाला काही सांगू नका.” मग ते मान वर न करता म्हणाले, “तो परत येईपर्यंत या खोलीतून कोणी बाहेर जाणार नाही. फोनही करणार नाही. कॅप्टन, हे तुम्हालाही आहे.”

जायला दोन तास, यायला दोन. आम्ही बसून राहिलो. कोणीतरी सँडविच आणून दिली, मला खाता आली नाहीत. पुस्तक जळालं असेल तर मी खोटी शपथ घेणारा ठरणार होतो आणि गॅडिसचा शेवटचा दरवाजा माझ्याच हाताने बंद होणार होता. लोमॅक्स शांत बसला होता. एकदा आमची नजरानजर झाली तेव्हा तो किंचित हसला. दोन गाड्यांत काय काय गेलं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, पण मी काय लिहून दिलंय ते त्याला माहीत नव्हतं.

साडेचारला अधिकारी परतला. काखेत पुस्तक होतं. न्यायाधीशांनी ते स्वतः उघडलं, पानं उलटत गेले आणि थांबले. पिवळा चिठोरा त्यांनी दिव्यापाशी धरून वाचला. ग्रंथालय ते टपालखिडकी. गॅडिस, टॉलिव्हर. गुरुवार, अडीच वाजता. बाईंची सही.

त्यांनी प्रुइटला पुन्हा बोलावलं आणि पास त्याच्यासमोर ठेवला. प्रुइटने तो हातात घेतला नाही. “मी दोन चाळीसला निघालो,” तो म्हणाला. “खोक्यात होतं त्याचं पाकीट. वहीत मी दुसऱ्या दिवशी लिहिलं.” त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

अपील गुरुवारी दिलं, असा निकाल झाला. माझ्या हत्याराचा विषय या कोर्टापुढे नाही, असं न्यायाधीश म्हणाले, आणि कायद्याने ते बरोबरच होतं. वरच्या कोर्टाला गॅडिसचं म्हणणं ऐकायला आणखी सोळा महिने लागले. तीनपैकी दोन न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली. राज्याने खटला पुन्हा चालवला नाही. प्रुइटने नोकरी सोडली. ओली वही, पट्टी, जाळलेली पुस्तकं, यांबद्दल कोणी कोणाला काही विचारलं नाही. लोमॅक्स आता उपअधीक्षक आहे.

गॅडिस सुटला त्या सकाळी मी धोबीखान्यात चादरींच्या ढिगात उभा होतो. ग्रंथालय माझ्याकडून केव्हाच काढून घेतलं होतं. बहिणीने आणलेला शर्ट त्याला ढगळ होत होता. दोन शिपायांच्या मधून तो दारासमोरून गेला. थांबायची परवानगी नव्हती. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. काय म्हणाला ते यंत्रांच्या आवाजात कळलं नाही.

त्या संध्याकाळी कैद्यांच्या मोजणीला एक माणूस कमी होता. उपअधीक्षक कधी मोजणीला येत नाहीत, पण लोमॅक्स आला. यादी हातात घेऊन तो एकेका कोठडीपाशी थांबत माझ्यापर्यंत आला. माझी साडेतीन वर्षं अजून बाकी आहेत, हे त्याला पाठ होतं.

“टॉलिव्हर,” तो हळूच म्हणाला.

“हजर, साहेब.”

त्याने यादीवर खूण केली, पण तो पुढे गेला नाही.